म्मे मालिनेओ आणि सुटलेला घोडा

म्मे मालिनेओला (म्मे म्हणजे आई, मोठ्या बाईला आम्ही असंच म्हणतो) कुणी नाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. आमच्या लेसोथोत नवी सून घरात आली की सासरचे तिला लगेच नवं नाव देतात, आणि ते तिच्या पहिल्या, अजून व्हायच्या असलेल्या मुलावरून असतं. मालिनेओ म्हणजे लिनेओची आई. त्यामुळे नाव ऐकलं की समोरचा सहज विचारायचा, "मग लिनेओ कुठे असते?"

बाई कमरेवर हात ठेवून सांगायची, "वाटेत आहे. घाटात बर्फ आहे ना, उशीर होतोय."

लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी घाटातलं बर्फ काही वितळलं नव्हतं. नवरा लग्नानंतर लगेच सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत गेला. दोन-तीनदा सुट्टीला आला, मग नुसते पैसे आले, मग तेही थांबले. तिकडे त्याने दुसरं घर केल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "तोही वाटेतच आहे. फक्त उलट्या दिशेने निघालाय." आणि स्वतःच मोठ्याने हसायची. तिच्या हसण्यावर मी पहिल्यांदा विश्वास ठेवला, नंतर ठेवला नाही, आणि पुढे कळलं की पहिल्यांदा वाटलं तेच खरं होतं. ती बाई खरोखरच हसरी होती.

मी हॉस्पिटलात चौकशीच्या टेबलावर बसते. समोर मोठं काचेचं दार आहे, माणूस जवळ आलं की आपोआप उघडणारं. दार ते माझं टेबल एवढी जी चकचकीत लादी दिसते ती मालिनेओची. म्हणजे तशी ती कुणाची, हाच आमच्याकडे रोजचा वाद.

पूर्वी आमच्या रालेफाने गावात नुसता सरकारी दवाखाना होता. पत्रे गळायचे आणि इंजेक्शन संपलेलं असायचं. लोक म्हणायचे, तिथे जाताना चांगलं कांबळं पांघरून जा, परत त्यातच गुंडाळून आणतील. मग हे नवं हॉस्पिटल झालं, सरकार आणि एक कंपनी यांच्या भागीदारीतलं. जमीन सरकारची, बांधकाम कंपनीचं. अठरा वर्षं कंपनीने चालवायचं, सरकारने दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची, आणि काम करारात लिहिल्यासारखं झालं नाही तर त्यातून कापून घ्यायची. रोग्याने मात्र जुन्या दवाखान्याइतकेच पैसे भरायचे. लोक खूश झाले, आणि खरं सांगायचं तर मीही झाले, कारण आता इथून माणसं स्वतःच्या पायांनी घरी जाताना मला दिसतात. पण आत बसून रोज बघणाऱ्याला एका चुलीवर दोन जावा दिसतात. दिवा गेला की एक म्हणते बल्ब तुझा, दुसरी म्हणते वीज तुझी.

कंपनीचे व्यवस्थापक होते मिस्टर फूरी, सीमेपलीकडच्या ब्लूमफाँटेनचे. उंच, लालबुंद, मनाने सरळ. सरकारच्या बाजूने राजधानी मासेरूहून यायचे न्ताते (म्हणजे श्रीयुत) सेखोबे, आणि त्यांच्या बगलेत कराराची प्रत नेहमी असायची. या दोघांचं सगळ्यात जुनं भांडण घोडे बांधायच्या दांड्याचं. डोंगरातले लोक घोड्यावरून येतात, तर घोडा बांधायचा कुठे? फूरी म्हणायचे, जनावरं आवाराबाहेरची, सरकारने दांडा ठोकावा. सेखोबे म्हणायचे, रोग्यांची सोय कंपनीकडे आहे, कंपनीने ठोकावा. दोन वर्षांत एक लाकूड जमिनीत गेलं नाही, आणि लोक आपले घोडे दारालगतच्या पावसाच्या पाइपाला बांधत राहिले.

झाडलोट मात्र दोघांनी मिळून, एकदाही न भांडता, गावातल्या बायकांच्या गटाला दिली. जुन्या दवाखान्यात झाडू मारणाऱ्या, विधवा, खाणीत नवरे हरवलेल्या अशा या बायका. मालिनेओ त्यांची प्रमुख. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता आणि थंडीत पायात बूट होते. थाकाने नावाची त्यातली एक बडबडी बाई बूट घालून झोपायची, असं बाकीच्या म्हणायच्या. ती नाही म्हणायची नाही.

संकट आलं ते पाण्याने. आमच्याकडे मूल झालं की बापाला शब्दाने सांगत नाहीत. मुलगा झाला तर कुणीतरी गुपचूप मागून येऊन काठीचा तडाखा देतं. मुलगी झाली तर तांब्याभर गार पाणी अंगावर. बाप भिजला की त्याला कळतं, आणि बघणाऱ्या सगळ्यांना कळतं. काठीबद्दल हॉस्पिटलची काही तक्रार नव्हती, काठीने लादी ओली होत नाही. पण आज्ज्या बाळंतपणाच्या वॉर्डातून पाण्याचा जग भरून यायच्या आणि हॉलमध्ये डुलक्या घेणाऱ्या जावयाच्या नाहीतर मुलाच्या डोक्यावर रिकामा करायच्या. अशाच एका सकाळी एक टॅक्सीवाला भिजला, आणि पाठोपाठ दारातून आलेले मिस्टर फूरी माझ्या टेबलापर्यंत घसरत येऊन सगळ्यांसमोर खाली बसले. हातातला कॉफीचा कप मात्र त्यांनी सांडू दिला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"म्मे मालिनेओ," ते खालूनच म्हणाले, "ही लादी आहे की नदी?"

"लादीच आहे, न्ताते. मुलगी झाली ना."

"कुणाला?"

"त्या टॅक्सीवाल्याला."

"मग पडलो मी का?"

"तुम्ही मधे आलात."

फूरी उठले, पँट झटकली आणि शांतपणे म्हणाले, "महिनाअखेर तपासणीच्या बाई येणार आहेत. त्यांनी ओल्या लादीवर बोट ठेवलं की सरकार माझे पैसे कापणार. तेव्हा लादी खराब सापडली तर पुढच्या महिन्यापासून मी यंत्रवाली कंपनी आणतो. मला तुमच्याशी वैर नाही, म्मे. पण दुसरा इलाजही नाही."

त्या दिवशी मालिनेओच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. जेवणाच्या सुट्टीत थाकानेने मक्याच्या उकडीचा घास हातात धरून विचारलं, "मग आता बूट परत द्यायचे का गं?" आणि कुणी हसलं नाही.

मालिनेओने आधी भिंतीवर पाटी लावून पाहिली. आज्ज्यांनी त्या पाटीखाली जग ठेवायला जागा केली. मग तिने विनवण्या केल्या, की बाहेर हिरवळीवर नळ आहे, तिथे भिजवा. तर बाहेर थंडी, हिरवळीवर दव गोठलेलं, बाप लोक हॉलमधल्या उबेतून हलायला तयार नाहीत. आधी सांगून बाहेर न्यावं तर आज्ज्या तयार नाहीत. "सांगून भिजवायचं म्हणजे आंघोळ झाली," असं एकीने तिला सुनावलं. आणि तिचं काही चुकलं नव्हतं, सगळी मजा बेसावध पकडण्यात असते.

दोन दिवस मालिनेओ नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या नर्सने तिला खूण केली, मुलगी. बाप होता शाळामास्तर, बसने आलेला, चष्मा पुसत बसलेला. आजीला मालिनेओने मागच्या दाराने बाहेर नळापाशी उभं केलं. मग हॉलमध्ये येऊन म्हणाली, "न्ताते, तुमचा घोडा सुटला."

मास्तर धावत सुटले. चष्मा खुर्चीत राहिला. बाहेर हिरवळीवर पोचल्यावर त्यांना आठवलं, आणि ते म्हणाले, "पण मला घोडाच नाही." तेवढ्यात पाणी पडलं.

ही चूक आमचेच पुरुष करू शकतात. दहा वर्षांपूर्वी घोडा विकलेला, कधी घोड्यावर न बसलेला, स्वतःची मोटार असलेला, सगळे धावले. आमच्या माणसाला बायको बोलावतेय म्हणून सांगा, तो म्हणेल आलोच. घोडा सुटला म्हटलं की आधी पाय धावतात, डोकं मागून येतं. हॉलमध्ये थेंब पडेनासा झाला. फूरी रोज सकाळी जपून पाय टाकत यायचे, आणि मग साधे चालायला लागले. मालिनेओ पुन्हा हसायला लागली आणि आम्हीही.

पण अशी गंमत गावात राहत नाही. टॅक्सीवाल्यांनी ती जिल्हाभर पोचवली. हळूहळू बाप लोक शहाणे झाले. "घोडा सुटला" म्हटलं की पाय ताणून बसायचे आणि म्हणायचे, "सुटू दे. गवत खाईल आणि येईल." मालिनेओ नवीन काही शोधते म्हणत होती, तोवर तपासणीचा दिवस उजाडला.

त्या सकाळी घाटात बर्फ होतं. दारातून आत आली ती एक म्हातारी, भुवयांवर पांढरे कण, आणि मागून तिचा मुलगा मोहापी. घाटापलीकडचे लोक. सून आठवड्यापूर्वीच आमच्या वॉर्डात येऊन राहिली होती, हे दोघं आज आले, म्हातारी घोड्यावर आणि मोहापी पायी लगाम धरून. घोडा त्याने पाइपाला बांधला. म्हातारी म्हणजे म्मे मामोहापी, ती वॉर्डात गेली आणि मोहापी हॉलमध्ये ऊब घेत बसला.

थोड्या वेळाने तपासणीच्या न्याबोके बाई आल्या. केनियाच्या, ठेंगण्या, दोन स्वेटर घातलेल्या. त्या सरकारच्याही नव्हेत आणि कंपनीच्याही, दोघांनी मिळून नेमलेल्या. एका बाजूला फूरी, दुसऱ्या बाजूला सेखोबे, मधे त्या, असे तिघे हॉलच्या मधोमध उभे राहिले. लादीत तिघांचेही चेहरे दिसत होते. मालिनेओ भिंतीला टेकून उभी होती. अंगावर तिचं लग्नातलं कांबळं, सणावाराला काढायचं. आज तिने ते मुद्दाम घातलं होतं.

तेवढ्यात तिने काचेतून बाहेर पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती मोहापीकडे गेली आणि हळूच म्हणाली, "न्ताते, तुमचा घोडा सुटला."

मोहापी गालात हसला. "आमच्या गावापर्यंत आलीय ही गोष्ट, म्मे."

"अहो, खरंच सुटलाय."

"मुलगी झाली वाटतं."

"ते मला माहीत नाही. घोडा सुटलाय."

"माझा घोडा हाक मारल्याशिवाय पाऊल उचलत नाही," मोहापी म्हणाला आणि डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढून मागे टेकला. शेजारचे दोघे बाप कौतुकाने त्याच्याकडे बघत होते.

दार माणूस ओळखत नाही. समोर काही आलं की उघडतं. ते उघडलं, आतली ऊब घोड्याच्या तोंडावर गेली, आणि घोडा आत आला. अगदी सावकाश, लगाम घसटत, टापा वाजवत, तपासणीला आपणही हजर असल्यासारखा. हॉलच्या मधोमध तिघांच्या शेजारी थांबला. मानेवरचं बर्फ झटकलं. मग शेपूट उचलली आणि जे करायचं ते केलं.

वाफा निघत होत्या. सगळ्यात आधी फूरींना वाचा फुटली. "आवाराचं फाटक सरकारकडे आहे," ते म्हणाले.

"दार कंपनीचं आहे," सेखोबे म्हणाले. "आणि ते घोड्यासाठी आपणहून उघडलं."

"तुम्ही दांडा ठोकला असता तर?"

"तुम्ही ठोकला असता तर?"

सेखोबेंनी बगलेतली प्रत काढली. फूरींनी आपली मागवली. दोघे माझ्याच टेबलावर पानं उलटायला लागले, की घोडा दाराबाहेर सरकारचा आणि आत कंपनीचा, तर उंबऱ्यावर असताना तो कुणाचा. न्याबोके बाईंनी मात्र एकच केलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मालिनेओ तोवर लादीवर पोचली होती. मोहापीला तिने दंडाला धरून उठवलं, लगाम हातात दिला आणि म्हणाली, "आता तरी हाक मारा." थाकानेने लीद बादलीत भरली, तिच्या भाजीच्या वाफ्याला ती हवीच होती. दुसरीने फेसाचं पाणी फिरवलं, तिसरीने साधं. पोछे पिळून पिळून फिरवले तरी लादीवर ओल राहत होती, थंडीत ती लवकर वाळेना. न्याबोके बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मालिनेओनेही ते पाहिलं. तिने अंगावरचं कांबळं काढलं, घडी घातली, गुडघ्यांवर बसली आणि त्याने लादी कोरडी करायला लागली.

आमच्याकडे कांबळं जमिनीला लागू देत नाहीत. लग्नातलं तर नाहीच. हॉलमधली माणसं उभी राहिली. मोहापीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी टेबलामागून काही करू शकत नव्हते आणि माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

टेबलावर वाद तिसऱ्या परिशिष्टापर्यंत आला होता. न्याबोके बाई वाकल्या, लादीवर तळहात टेकवला आणि तो स्वेटरला न पुसताच उठल्या.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या.

"पण बाई, घोडा," फूरी म्हणाले.

"घोडा तुमचं तुम्ही ठरवा. लादी घाण होऊ नये असं तुमच्या करारात कुठेच नाही, हॉस्पिटलात ती होणारच. ती किती लवकर साफ आणि कोरडी झाली एवढंच मला बघायचंय. वेळेच्या आत झाली. पूर्ण गुण." मग त्यांनी दोघांच्या प्रती मिटल्या. "आणि दांडा अर्धा तुम्ही ठोका, अर्धा त्यांनी. मला परतीच्या वाटेवर तो दिसला पाहिजे."

फूरींनी ओल्या कांबळ्याकडे पाहिलं, मग मालिनेओकडे. "यंत्रवाल्यांना आजच नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "घोडा आला असता तर त्यांनी यंत्र बंद करून आधी मला फोन केला असता."

"आणि तुम्ही सेखोबेंना," मालिनेओ म्हणाली.

फूरी एवढे हसले की त्यांना टेबलाला धरावं लागलं. सेखोबेही हसले, थोडे उशिराने. थाकाने बादली हातात घेऊनच नाचली, आणि मालिनेओने तिला आधी बादली बाहेर ठेवायला लावली.

या सगळ्या वेळात म्मे मामोहापी वॉर्डाच्या तोंडाशी हातात जग घेऊन उभी होती. कुणाचं लक्ष नव्हतं. "तुमचं झालं असेल तर मला वाट द्या," ती आता म्हणाली, "केव्हाची उभी आहे." सगळे बाजूला झाले. ती एक थेंब न सांडता दारातून बाहेर गेली, जिथे मोहापी पाइपाला दुहेरी गाठ मारत होता, आणि तिने जग त्याच्या मानेत रिकामा केला. त्याची आरोळी आत ऐकू आली. घोडा मात्र हलला नाही.

आम्ही सगळे बाहेर हिरवळीवर गेलो, मीसुद्धा टेबल सोडून. मोहापी थंडीने कुडकुडत मालिनेओसमोर आला आणि म्हणाला, "म्मे, तुम्ही खरं सांगत होतात. माझ्यामुळे तुमचं काम जात होतं. लग्नातलं कांबळं गेलं तुमचं."

"कांबळं धुता येतं. पण पुढच्या वेळी पोरीला काठीवाला भाऊ आणा," मालिनेओ म्हणाली. "काठी कोरडी असते."

म्हातारी तिच्याकडे निरखून बघत होती. "नाव काय गं तुझं?"

"मालिनेओ."

"लिनेओ कुठे असते?"

"वाटेत आहे," मालिनेओ सवयीने म्हणाली. "घाटात बर्फ आहे ना, उशीर होतोय."

थाकाने आणि मी खाली पाहिलं. म्हातारीला ते दिसलं. ती चांगली दोन सुनांची सासू, तिला सांगावं लागलं नाही. तिने मुलाकडे पाहिलं. आमच्याकडे नाव ठेवायचा मान बापाच्या घराचा, आणि त्या घरात शब्द हिचाच चालत असणार, कारण मोहापीने नुसती मान हलवली. मग म्हातारी नळाकडे गेली. जग भरला. आम्हाला वाटलं, राहिलेला अर्धा मोहापी भिजवणार.

तिने तो मालिनेओच्या डोक्यावर ओतला.

"आलो आम्ही लिनेओला घेऊन," ती म्हणाली. "घाटात बर्फ होतं, म्हणून उशीर झाला."

मालिनेओ उभी राहिली तशीच. पाणी हनुवटीवरून गळत होतं. म्हातारीने आपलं कांबळं काढलं, तिच्या खांद्यांवर टाकलं आणि समोरची पिन आवळून लावली, जशी बाळंतिणीला लावतात. "चल," ती म्हणाली, "बघून घे. नाक माझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही."

मालिनेओ चालत दारापर्यंत आली. दार उघडलं. ती थांबली. दार मिटलं, पुन्हा उघडलं. ती पायपुसण्यावर उभी, अंगातून पाणी निथळतंय, समोर तिची लादी.

"थाकाने," ती आत न जाता म्हणाली, "आधी एक कोरडं फडकं आण गं. माझी लेक आत आहे."